इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये काय किती वेळ शिजवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. खाली जिथे नुसती मिनिटं लिहिली आहेत, तिथे ती 'हाय प्रेशर'ची आहेत आणि कुकरमध्ये पूर्ण प्रेशर तयार झाल्यानंतर मोजायची आहेत. वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

तक्त्यात '५ मिनिटं' लिहिलंय, मग जेवण तयार व्हायला अर्धा तास का लागतो?

कारण ती ५ मिनिटं म्हणजे मधला तुकडा आहे. कुकरचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी पाणी तापून वाफ कोंडली जाते, मग ठरलेला वेळ प्रेशर टिकवलं जातं आणि शेवटी ते उतरतं. पडद्यावरचे आकडे उलटे मोजायला लागतात ते फक्त मधल्या टप्प्यात. पहिल्या टप्प्याला साधारण १० ते १५ मिनिटं जातात. भांडं बरंच भरलेलं असेल किंवा आत गोठलेलं मांस असेल तर २५ मिनिटंही लागतात. प्रेशर आपोआप उतरायला आणखी १० ते ३०.

घाईत असलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते, आणि थोडीफार ती आहेच. पण पदार्थ या तिन्ही टप्प्यांत शिजत असतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी कोडी सुटतात. भाजी का गळली, भाताला कणी का राहिली, मांस चिवट का झालं, याचं उत्तर पुष्कळदा मधल्या मिनिटांत नसून आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्यात सापडतं.

गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब मिनिटांत कसा करायचा?

नेमका करता येत नाही, कारण शिट्टी हे वेळेचं माप नव्हेच. आच मोठी असेल तर ५ मिनिटांत ४ शिट्ट्या होतात आणि मंद असेल तर तेवढ्याच वेळात एकही होत नाही. 'तीन शिट्ट्या' हे ज्याचं त्याच्या शेगडीपुरतं खरं.

अंदाज लागतो तो असा. तुमच्या गॅसवरच्या कुकरमध्ये पहिली शिट्टी झाल्यापासून गॅस बंद करेपर्यंत किती मिनिटं जातात ते एकदा घड्याळ लावून बघा. त्यात पाचवा हिस्सा वाढवा. १० मिनिटं येत असतील तर इलेक्ट्रिकमध्ये १२ लावा. वाढवायचं कारण तापमानात आहे. गॅसवरच्या कुकरमधलं प्रेशर वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १०० किलोपास्कल जास्त असतं आणि आतलं पाणी १२० ते १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर 'हाय'वरही ७० ते ८० किलोपास्कलवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. चार-पाच अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण न भिजवलेल्या हरभऱ्याला विचारा.

तांदूळ किती वेळ आणि पाणी किती?

पांढरा तांदूळ ४ मिनिटं, मग १० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर उरलेली वाफ सोडायची. धुऊन निथळलेल्या तांदळाला तेवढंच पाणी, म्हणजे एक कपाला एक कप. पातेल्यातल्या भातासारखं दुप्पट पाणी घातलं तर गिचका होतो, कारण इथे झाकण बंद झाल्यावर वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही. मऊ भात हवा असेल तर सव्वा ते दीड कप. अर्धा तास भिजवलेल्या तांदळाला ३ मिनिटं पुरतात आणि पाणीही थोडं कमी लागतं.

ती नंतरची १० मिनिटं गाळू नका. दाण्याच्या मध्यापर्यंत पाणी मुरतं ते तेव्हा. मी सुरुवातीला ४ मिनिटं झाली की लगेच वाफ सोडायचो आणि वर कोरडा, खाली चिकट, मध्ये कणी असा भात काढायचो. दोष मात्र तांदळाला द्यायचो.

ब्राउन राइसला २० ते २२ मिनिटं आणि वर १० मिनिटांची विश्रांती. कोंड्याचा थर पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून हा वेळ. जाडसर कापलेल्या ओट्सना ४ मिनिटं पुरतात, पण ते फसफसून वर येतात, त्यामुळे भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही आणि प्रेशर आपोआपच उतरू द्यायचं. पास्त्याच्या पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर निम्म्यातून एक वजा करून ४ लावा. तरीही पास्ता मी उघड्या पातेल्यातच उकळतो. चाखून बघता येत नसेल तर त्यात मजा नाही.

कडधान्यं आणि डाळी?

पहिला आकडा रात्रभर भिजवलेल्यांचा, दुसरा कोरड्यांचा.

काबुली चणे : १५ ते १८ / ४० ते ४५
राजमा : १५ ते १८ / कोरडा शिजवूच नका, कारण पुढच्या प्रश्नात
चवळी : ६ ते ८ / १५ ते १८
सोयाबीन : २० / ४०
अख्खा मसूर : भिजवायची गरज नाही / ९ ते १०
अख्खे मूग : ५ / १० ते १२

डाळींत मसुराची आणि मुगाची डाळ ५ ते ६ मिनिटांत विरघळते. तूरडाळ ९ ते १०. हरभऱ्याची डाळ अर्धा तास भिजवून १०, दाणा अख्खा राहायला हवा असेल तर ८.

हे सगळं प्रेशर आपोआप उतरू देऊन. कडधान्याच्या बाबतीत शेवटचा टप्पा हा शिजण्याचाच भाग धरलेला आहे. वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी जोरात उकळतं, सालं फुटतात आणि व्हॉल्व्हमधून फेसाचा फवारा येतो. ओट्यावरून डाळीचे शिंतोडे एकदा पुसले की हा नियम पाठ होतो. पाणी दाण्यांच्या वर तीन-चार सेंटिमीटर असू द्या आणि भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो.

राजम्याबद्दल एवढी भीती का?

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं विषारी प्रथिन, भरपूर असतं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचा. प्रेशरखाली नीट मऊ शिजला की हे लेक्टिन नष्ट होतं, तिथे चिंता नाही.

खरा धोका आहे तो त्याच कुकरवरच्या 'स्लो कुक' बटणात. त्यावर पदार्थ उकळीपर्यंत पोचेलच असं नाही, आणि ८० अंशांच्या आसपास तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त विषारी ठरू शकतो. स्लो कुकच करायचं असेल तर आधी राजमा प्रेशरवर पूर्ण शिजवून घ्या. बाहेरून मऊ आणि मध्ये कचकचीत असा दाणा लागला तर पानात वाढू नका, पुन्हा कुकर लावा.

सांगितलेला वेळ लावूनही हरभरे टणकच राहतात. काय चुकतंय?

बहुधा तुमचं काहीच चुकत नाहीये, हरभरे जून आहेत. गरम आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडलेलं कडधान्य असं होतं की त्याच्यात पाणी शिरायला तयारच नसतं. अशाला तासभर शिजवलं तरी ते जेमतेम खाण्याजोगं होतं. जुन्या डब्यात नवं कडधान्य ओतू नये ते यासाठी. दोन वयांचे दाणे एकत्र शिजवले तर निम्मे गळतात आणि निम्मे दाताखाली येतात.

दुसरं कारण आंबटपणा. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतल्या आम्लामुळे दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, सुटत नाही. आंबट जे काही घालायचं ते दाणा मऊ झाल्यावर. तिसरं कारण जड पाणी. त्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर उपयोग होतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव लागते आणि दाण्याचं पीठ होतं.

मिठावर मात्र उगाच आळ आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर सालं उलट मऊ होतात.

प्रेशर आपोआप उतरू द्यायचं की वाफ सोडायची?

पदार्थाला अजून थोडं शिजायचं असेल, तो फेसाळणारा असेल किंवा मोठं मांस असेल तर आपोआप. पदार्थ तिथल्या तिथे थांबवायचा असेल तर वाफ सोडायची : भाज्या, मासे, अर्धवट उकडलेली अंडी. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे १० मिनिटं थांबून उरलेली वाफ सोडणं. मी सर्वांत जास्त वापरतो तो हाच.

वाफ सोडताना हात आणि चेहरा व्हॉल्व्हच्या वर नको. लांब दांड्याच्या चमच्याने व्हॉल्व्ह वळवला तर उत्तम. वर लाकडी कपाट असेल तर कुकर पुढे ओढून घ्या, रोजच्या वाफेने लाकूड फुगतं.

भाज्यांना किती वेळ? आणि '० मिनिटं' हा काय प्रकार आहे?

शून्य म्हणजे प्रेशर तयार होताक्षणी काम बंद आणि वाफ लगेच सोडायची. पहिला टप्पा स्वतःच १० मिनिटांचा असतो, आणि ब्रोकोली किंवा पालक तेवढ्यात शिजून होतो. फ्लॉवरच्या तुऱ्यांना ० ते १. फरसबीला १ ते २, गाजराच्या जाड चकत्यांना २ ते ३. कोबीच्या मोठ्या फोडींना ३. लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडींना ४. मक्याच्या कणसाला ३ ते ४. सगळ्यांची वाफ लगेच सोडायची. भाजी पाण्यात बुडवू नका, खाली पाणी आणि वर जाळीवर भाजी.

कंदांचं गणित आकारावर. बटाट्याच्या फोडींना ४ मिनिटं, मध्यम अख्ख्या बटाट्याला १२, मुठीएवढ्या मोठ्याला १८. रताळं मध्यम असेल तर १२ ते १५. बीट लहान असेल तर १५, मोठं असेल तर २५, आणि तरीही सुरी खुपसून बघावं लागतं. बिटाइतकी बेभरवशाची भाजी दुसरी नाही.

प्रमाण दुप्पट केलं तर वेळ दुप्पट करायचा का?

नाही. वाफ सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी वेढते, त्यामुळे ४ बटाटे आणि ८ बटाटे यांना मिनिटं तेवढीच लागतात. प्रेशर तयार व्हायला मात्र जास्त वेळ जातो, पण ते कुकरचं कुकर बघतो. वेळ ठरते ती तुकड्याच्या जाडीवर. एक किलो मांसाच्या लहान फोडी लवकर शिजतात, अर्ध्या किलोचा अखंड गोळा रेंगाळतो. म्हणून एका खेपेतले तुकडे सारख्या मापाचे कापा.

अंडी?

पूर्ण उकडलेली हवीत तर ५ मिनिटं प्रेशर, ५ मिनिटं तसंच आणि ५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात. पिवळा भाग मऊ हवा असेल तर ३ मिनिटं आणि वाफ लगेच बाहेर. अंडी जाळीवर ठेवायची, खाली कपभर पाणी. ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला चिकटतं ही तक्रार इथे फारशी येत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी या यंत्राला पुष्कळ माफ केलं आहे.

चिकन, मटण आणि मासे?

चिकनच्या बोनलेस छातीच्या तुकड्यांना ७ ते ८ मिनिटं. हाडासकट मांडी किंवा तंगडीला १० ते १२. अख्ख्या कोंबडीला दर अर्ध्या किलोमागे ७, म्हणजे दीड किलोला २० ते २२, आणि मग १५ मिनिटं विश्रांती. छातीत चरबी फार कमी, ती दोन मिनिटं जास्त झाली तरी भुशासारखी लागते. मांडी मात्र ५ मिनिटं जादा झाली तरी तक्रार करत नाही. चिकनच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले पाहिजेत.

मटणाच्या फोडींना २० ते २५ मिनिटं, जून असेल तर ३० ते ३५. आणि इथे कृपा करून वाफ एकदम सोडू नका. प्रेशर झपकन पडलं की मांसाच्या धाग्यांमधला रस उकळून बाहेर जातो, आणि रश्शात पोहत असलेलं मटण कोरडं लागतं. मटण चिवट निघालं तर लोक म्हणतात जास्त शिजलं. बऱ्याचदा उलटं असतं, ते कमी शिजलेलं असतं. स्नायूंभोवतीचं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला वेळ लागतो आणि तोवर मांस चिवटच राहतं. आणखी ८-१० मिनिटं लावून बघा.

माशाच्या तुकड्यांना २ ते ३ मिनिटं, कोळंबीला ० ते १. पण खरं सांगायचं तर मासे प्रेशरखाली घालणं म्हणजे मुंगी मारायला तोफ आणणं.

गोठलेल्या मांसाचे तुकडे सुटे असतील तर निम्मा वेळ वाढवा, १० च्या जागी १५. एकमेकांना चिकटलेला मोठा गोळा मात्र आधी फ्रिजमध्ये वितळवून घ्या, नाहीतर कडेला गळतो आणि मध्ये कच्चा राहतो.

हाडांचं सूप किती वेळ?

कोंबडीच्या हाडांना ४५ ते ६० मिनिटं, मटणाच्या हाडांना ९० ते १२०. गार झाल्यावर सूप जेलीसारखं थिजलं तर समजा जिलेटिन उतरलं. गंमत म्हणजे प्रेशर कुकरचा जन्मच हाडांसाठी झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडनमध्ये वाफेचं जे बंद भांडं दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठी होतं. भांडं फुटू नये म्हणून त्याने बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह आजच्या प्रत्येक कुकरवर कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

कमीत कमी पाणी किती? आणि मध्येच 'बर्न' का दिसतं?

लहान, ३ लिटरच्या कुकरला साधारण १ कप, ६ लिटरच्या कुकरला दीड कप पातळ द्रव हवा. तुमच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. 'पातळ' या शब्दाला महत्त्व आहे. टोमॅटोचा घट्ट रस किंवा साय म्हणजे पाणी नव्हे. त्यातून वाफ नीट तयार होत नाही, ते तळाला लागतं आणि तळ फार तापला की यंत्र स्वतःला थांबवतं. कांदा परतल्यावर तळाला चिकटलेलं सगळं पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडा, घट्ट रस सर्वांत वर घाला आणि ढवळू नका. पीठ, क्रीम, चीज शेवटी, झाकण काढल्यावर.

भांडं दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, आणि फुगणाऱ्या-फेसाळणाऱ्या पदार्थांना निम्मंच.

उंच ठिकाणी राहणाऱ्यांनी काय करायचं?

समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपर्यंत काही नाही. त्यापुढे दर ३०० मीटरला वेळ ५ टक्क्यांनी वाढवायचा. १५०० मीटरवर ती वाढ १५ टक्के होते, म्हणजे २० मिनिटांची २३. कुकर बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक जास्त दाब तयार करतो. बाहेरची हवाच विरळ असेल तर आतला एकूण दाब कमी भरतो आणि पाणी थोडं कमी तापतं.

'लो प्रेशर' कधी वापरायचं?

क्वचित. त्यावर तापमान ११० अंशांच्या आसपास असतं. कस्टर्ड, नाजूक भाज्या, मासे यांना ते बरं पडतं.

खाली कडधान्य आणि वर भात, असं एकदम होतं का?

होतं, दोन्हींच्या वेळा जुळत असतील तर. खाली तूरडाळ ९ मिनिटं आणि वरच्या डब्यात पांढरा तांदूळ असेल तर भात जरा मऊ होतो, पण बिघडत नाही, कारण डब्यातल्या पदार्थाला उष्णता उशिरा पोचते आणि तो मुळात ४-५ मिनिटं मागे असतो. स्टीलच्या डब्याऐवजी जाड चिनी मातीचं भांडं ठेवलं तर आणखी मागे. काबुली चणे आणि तांदूळ यांची जोडी मात्र जमणार नाही.

रात्री सगळं घालून सकाळी आपोआप सुरू होईल असं लावलं तर?

कडधान्य पाण्यात भिजत पडलं तर दोन्ही कामं होतात. उन्हाळ्यात ८ तासांपेक्षा जास्त नको, पाण्याला आंबूस वास येतो. राजम्याला ही सोय नाही, त्याचं भिजवलेलं पाणी ओतायला माणूस जागा लागतो. मांस, मासे, अंडी, दूध तर अजिबात नको. ४ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि अशा वस्तू २ तासांहून जास्त तिथे राहता कामा नयेत.

आधी सगळं बरोबर शिजायचं, आता त्याच वेळेत कच्चं राहतं. कुकर बिघडला का?

आधी झाकणाची रिंग काढून बघा. सिलिकॉनची रिंग वापराने ताणते, सैल पडते, आणि कडेने वाफ झिरपत राहिली की प्रेशर उशिरा तयार होतं किंवा होतच नाही. साधारण वर्ष-दीड वर्षात ती बदलावी लागते. मटणाचा वास शोषलेल्या रिंगवर दुधाची खीर करायची नसेल तर दोन ठेवा, एक तिखटाची, एक गोडाची.

रिंग ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या आतली बारीक जाळी सोडवून धुवा. माझ्या कुकरचा एकदा महिनाभर असा रुसवा चालला होता. मी वेळा वाढवत गेलो, ५ च्या ८, ८ च्या १२. जाळी उघडली तर आत डाळीचा वाळलेला फेस थर धरून बसला होता.